हार घातलेले यंत्र आणि न वाचलेला कागद

खंडेनवमीच्या दिवशी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत कुणी उत्पादनाचे बोलत नाही. शेडच्या दाराला झेंडूचे तोरण असते. लेथच्या बेडवरचा लोखंडाचा कीस झाडून, तेलाचा हात फिरवून झालेला असतो. हेडस्टॉकला हार, टूलपोस्टला हळदकुंकू, आणि एका पाटावर व्हर्निअर, मायक्रोमीटर, पाने-हातोडे ओळीने मांडलेले. एरवी काळ्या हातांनी भेटणारी माणसे त्या दिवशी इस्त्रीच्या कपड्यांत ओळखू येत नाहीत.

बँकेचा साहेब म्हणून मला या पूजेचे बोलावणे वर्षानुवर्षे येत असे. एका दुपारी सात-आठ शेडमध्ये जायचे, नमस्कार करायचा, पेढा खायचा, वेफर्सची पुडी खिशात घालून पुढच्या दाराशी जायचे, हा माझा शिरस्ता होता. प्रत्येक ठिकाणी मी ज्या यंत्राला हात जोडत होतो, त्याच यंत्राच्या विम्याचा कागद माझ्या शाखेतल्या लोखंडी कपाटात होता. दरवर्षी त्याचे नूतनीकरण माझ्या सहीने होत होते. तो कागद मालकाने कधी वाचलेला नव्हता. खरे सांगायचे तर मीही तो पहिल्या पानापलीकडे वाचलेला नव्हता. आज, निवृत्त होऊन काही वर्षे झाल्यावर, त्या न वाचलेल्या कागदाविषयी लिहायला बसलो आहे.

ज्यांनी हा पट्टा मुंबई-पुणे रस्त्यावरून जाता जाता पाहिला असेल, त्यांच्या डोळ्यांपुढे मोठ्या कंपन्यांच्या पाट्या येतील. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि मग टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज ऑटो अशी नावे या माळरानावर रुजली. पुढे मोटारींचा कारभार चाकणकडे सरकला. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना तिथे सुरू झाला आणि मर्सिडीजही तिथेच गेली. पण या पाट्यांच्या मागे, भोसरी-चिखली-तळवड्यापासून कुरुळी-निघोज्यापर्यंत, पत्र्याच्या शेडमधून एक दुसरे जग राबते. एखादा बुश, एखादी पिन, एखादा शाफ्ट, एखादी फ्लँज, एवढेच ज्याचे उत्पादन, असा माणूस इथे हजारांनी आहे. त्याच्याकडे यंत्रे असतात दोन किंवा तीन. त्यांतले एक असे असते की बाकीची सारी त्याच्यावर अवलंबून. मोठ्या कारखान्यात एक यंत्र बंद पडले तर काम दुसऱ्या यंत्रावर चढवतात. छोट्या शेडमध्ये ते एक यंत्र बंद पडले म्हणजे घर बंद पडते.

अशाच एका माणसाची हकिगत सांगतो. त्यांना सगळे ‘भाऊ’ म्हणत, मीही तेच म्हणतो.

भाऊ एका मोठ्या कारखान्यात टर्नर होते. हात असा की ड्रॉइंग एकदा पाहिले की पुन्हा कागदाकडे बघायचे नाहीत. नोकरी सोडून त्यांनी भाड्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ लावला, मग दुसरा, आणि १९९५ साली आमच्या शाखेतून मुदत कर्ज काढून एक सीएनसी लेथ घेतला. त्या काळात भोसरीच्या छोट्या शेडमध्ये सीएनसी म्हणजे अप्रूपच. शेजारचे लोक बघायला येत. कर्जाच्या कागदांवर सह्या करताना भाऊंनी मला विचारले होते, “साहेब, विमा आहे ना याला?” मी म्हटले, “आहे भाऊ. दरवर्षी हप्ता तुमच्या खात्यातून आपोआप जाईल. तुम्ही काळजी करू नका.”

१९९६ च्या ऑगस्टमधला शुक्रवार होता. भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, वीज बंद. त्या रात्री मुसळधार पाऊस झाला, कुठे तारेवर फांदी पडली, आणि शुक्रवारी पहाटेपासून वीज येत-जात होती. कधी एक फेज गायब, कधी दिवे एकदम प्रखर. ऑपरेटर पोरगा नवा. जॉब द्यायची घाई. त्याने दोन-तीनदा मशीन चालू करून पाहिले. तिसऱ्या वेळी पॅनेलमधून धूर आला. स्पिंडलचा ड्राइव्ह जळाला, मोटरचे वायंडिंग गेले. आग अशी लागलीच नाही. पोराने मेन स्विच पाडला आणि संपले.

दुपारी भाऊ माझ्यासमोर बसले होते. घाबरलेले नव्हते. ते म्हणाले, “साहेब, फाइल काढा. विमा आहे ना आपला.” फाइल काढली. पॉलिसी होती, हप्ता भरलेला होता, मुदत शिल्लक होती. मी विमा कंपनीच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे मला पॉलिसीच्या मागच्या पानावरचे एक कलम वाचायला सांगितले. ते कलम मी भाऊंसमोर बसून आयुष्यात पहिल्यांदा वाचले.

त्याचा अर्थ असा होता. जादा दाब, शॉर्टसर्किट, ठिणगी, आतल्या आत तापणे किंवा विजेची गळती यांमुळे ज्या विद्युत यंत्राचे नुकसान होईल, त्या यंत्रापुरती भरपाई मिळणार नाही. मात्र त्या यंत्रातून आग लागून शेजारचे दुसरे यंत्र जळाले, तर त्या दुसऱ्याची भरपाई मिळेल. म्हणजे भाऊंच्या सीएनसीने पेट घेऊन शेजारचा जुना लेथ जाळला असता, तर लेथचे पैसे मिळाले असते, सीएनसीचे नाही. भाऊ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे पोराने स्विच पाडला नसता तरी उपयोग नव्हता.” एवढेच बोलून ते उठले.

यात विमा कंपनीने फसवले असे म्हणता येणार नाही. आमच्या फाइलमध्ये होती ती आगीची पॉलिसी. आग, वीज कोसळणे, स्फोट, दंगल, वादळ, पूर अशी बाहेरून येणारी संकटे तिच्यात येतात. यंत्राच्या पोटातून उठणारे संकट हा वेगळा विषय आहे आणि त्यासाठी वेगळी पॉलिसी असते. तिला मशिनरी ब्रेकडाउन पॉलिसी म्हणतात, आपण यंत्रबिघाडाचा विमा म्हणू. ती त्या वेळीही मिळत होती. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर सर्वसाधारण विम्याच्या ज्या चार सरकारी कंपन्या होत्या, त्या चारही ती देत होत्या आणि दरही सगळीकडे एकच होता. मागितली असती तर मिळाली असती. पण मागायला हवी हे भाऊंना ठाऊक नव्हते, आणि ज्याला ठाऊक असायला हवे होते तो मी, त्यांना ‘काळजी करू नका’ म्हणून मोकळा झालो होतो.

आम्ही बँकवाले असे का वागलो? कर्ज देताना यंत्र बँकेकडे नजरगहाण असते. ते जळून खाक झाले किंवा चोरीला गेले तर बँकेचे तारण नाहीसे होते, म्हणून आम्ही आगीचा आणि चोरीचा विमा सक्तीने उतरवतो. पॉलिसीवर बँकेचे नाव असते आणि भरपाई आली तर ती आधी बँकेकडे येते. हप्ता मात्र खातेदाराच्या खात्यातून जातो. यात गैर काही नाही, कर्ज तेवढे कमी होते. पण ड्राइव्ह जळालेले यंत्र जागेवरच उभे असते. तपासणीला गेलेला अधिकारी ते मोजू शकतो. तारण शाबूत आहे असा शेरा मारून परत येऊ शकतो. बँकेने वस्तूचा विमा उतरवला होता. भाऊंना हवा होता तो चालण्याचा.

ड्राइव्ह परदेशी बनावटीचा होता. तो यायला पाच आठवडे लागले आणि खर्च झाला एक लाख सत्तर हजार. हे पैसे भाऊंनी कॅश क्रेडिटमधून उचलले. आता एक बारकावा सांगतो, तो हिशेबनीस सोडून फारसा कुणी लक्षात घेत नाही. यंत्र थांबते त्या दिवशी पैसा थांबत नाही. आधी पाठवलेल्या मालाची बिले दीड-दोन महिने येतच राहतात. पैसा थांबतो तो नंतर, यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर, मालकाला संकट टळले असे वाटत असते तेव्हा. ऑगस्टमध्ये जळालेल्या ड्राइव्हचा चटका भाऊंच्या खात्याला ऑक्टोबरमध्ये बसला. त्याआधीच एक मोठा जॉब दुसऱ्या वेंडरकडे गेला होता. कंपनीची लाइन एका बुशसाठी थांबवून ठेवणे कुणालाच शक्य नसते, त्यांनाही दोष देता येत नाही. पुढच्या वर्षी भाऊंनी घरासाठी मोशीला घेतलेला प्लॉट विकला आणि कर्ज नियमित केले. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. खंडेनवमीचे बोलावणेही चुकवले नाही. त्या वर्षीचा पेढा मात्र माझ्या घशाखाली लवकर उतरला नाही.

मी कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे पुढे जेव्हा यंत्रबिघाडाची पॉलिसी मन लावून वाचली, तेव्हा तिच्यातल्या दोन शब्दांपाशी थबकलो. नुकसान ‘अचानक आणि अनपेक्षित’ असले पाहिजे. कादंबरी जगते ती हळूहळू होणाऱ्या झिजेवर. माणसे, घरे, नाती एका दिवसात मोडत नाहीत. विमा नेमकी हीच झीज वगळतो. बेअरिंग वर्षभर घासत गेले, पट्टा जुना होऊन तुटला, टूल बोथट झाले, गंज चढला, तर तो मालकाचा रोजचा खर्च. पण तेच बेअरिंग एका क्षणी जाम होऊन स्पिंडल मोडला, शाफ्ट तुटला, वायंडिंग जळाले, विजेचा दाब वाढून कार्ड गेले, तर तो बिघाड. यंत्र चालू असताना, बंद असताना, सफाईसाठी उघडले असताना किंवा त्याच आवारात एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवताना झालेले नुकसानही त्यात येते. आणि लोकांना आश्चर्य वाटते ती गोष्ट म्हणजे कामगाराची चूक, त्याचे अज्ञान, त्याचा निष्काळजीपणाही यात धरलेला असतो. मालकाने जाणूनबुजून केलेली हयगय मात्र नाही, आणि विमा घेताना माहीत असलेला दोषही नाही. भाऊंच्या त्या नवख्या पोराने तीनदा मशीन चालू केले, एवढ्यावरून या पॉलिसीखालचा दावा सहसा बाद झाला नसता.

या विम्याचा उगमही मोठा बोलका आहे. तो वाफेच्या बॉयलरमधून जन्मला. इंग्लंडात मँचेस्टरच्या गिरण्यांमध्ये बॉयलर फुटून माणसे मरत, तेव्हा १८५० च्या दशकात तिथे बॉयलरची नियमित तपासणी करणारी संघटना उभी राहिली आणि मागोमाग विमाही आला. अमेरिकेत २७ एप्रिल १८६५ रोजी मेम्फिसजवळ मिसिसिपी नदीत ‘सुल्ताना’ नावाची आगबोट बॉयलर फुटून बुडाली. यादवी युद्धातून सुटून घरी निघालेल्या कैद्यांनी ती खच्चून भरली होती. हजाराहून अधिक माणसे गेली. त्या बोटीच्या एका बॉयलरला प्रवासाआधी घाईघाईने ठिगळ लावलेले होते. पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, हार्टफर्ड शहरात बॉयलरच्या विम्याची एक कंपनी निघाली. तिच्या नावात ‘तपासणी’ हा शब्द आधी आणि ‘विमा’ हा शब्द नंतर आहे. स्फोट ही दैवी आपत्ती नसून टाळता येण्याजोगी गोष्ट आहे, असे ती काढणाऱ्यांचे म्हणणे होते. हप्त्यातला पैसा आधी निरीक्षकावर खर्च करायचा आणि उरलेली जोखीम भरपाईने भागवायची, हा त्यांचा विचार.

हा विचार आपल्याकडे येता येता वाटेत कुठेतरी सांडला. आपल्या शेडमध्ये विमा कंपनीचा माणूस बहुधा बिघाड झाल्यावरच येतो, आणि तोवर अनेकदा पुरावा उरलेला नसतो. ऑर्डर अडकलेली असते म्हणून मालक त्याच रात्री मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे टाकतो. जळालेली तांब्याची तार भंगारात जाते. मग सर्व्हेअर विचारतो, “दाखवा.” दाखवायला काही नसते. नियम साधा आहे. कंपनीला आधी लेखी कळवा, मोडलेले सुटे भाग जपून ठेवा, फोटो काढा. किरकोळ दुरुस्ती कळवल्यानंतर सुरू करता येते. मोठ्या दुरुस्तीसाठी मात्र कंपनीच्या माणसाला पाहायची संधी द्यावी लागते. हे चार शब्द कर्ज मंजुरीच्या पत्राला टाचून द्यायला बँकेला किती खर्च येईल?

भाऊंचा मुलगा आज कुरुळीला तीन व्हीएमसी चालवतो. इंजिनिअर आहे, बापासारखाच कमी बोलतो. मध्यंतरी त्याने मला घरी येऊन सांगितले, “काका, बाबांसारखं होऊ नये म्हणून ब्रेकडाउन पॉलिसी घेतलीय.” मला बरे वाटले. कागद पाहिला आणि बरे वाटणे संपले. विम्याची रक्कम त्याने ताळेबंदातल्या किमतीवरून घातली होती, म्हणजे घसारा वजा जाता उरलेली. हिशेबाच्या वहीत ती बरोबर आहे. या पॉलिसीत मात्र विमा रक्कम म्हणजे तसेच नवे यंत्र आज घेऊन, आणून, बसवून सुरू करायला लागणारी सारी किंमत, त्यात वाहतूक, जकात, उभारणी सगळे आले. तुमचे यंत्र दहा वर्षांचे असो किंवा सेकंडहँड घेतलेले असो.

समजा, नव्या यंत्राची किंमत आज ४० लाख आहे आणि तुम्ही विमा उतरवला २० लाखांचा. ६ लाखांचा बिघाड झाला. तुम्हाला वाटते, वीस लाखांच्या आत आहे, सहाच्या सहा मिळतील. कंपनी म्हणते, तुम्ही निम्म्याचाच विमा उतरवलात, निम्मा धोका तुमचा. मिळणार ३ लाख, आणि त्यातूनही पॉलिसीत ठरलेली, मालकाने सोसायची रक्कम वजा. हीच अपुऱ्या विम्याची कात्री. पूर्ण रकमेचा विमा असेल तर दुरुस्तीत बसवलेल्या नव्या भागांवर घसारा साधारणपणे कापत नाहीत, मर्यादित आयुष्याचे भाग सोडून. यंत्र पूर्णच निकामी झाले तर मात्र बाजारभावानेच पैसे मिळतात. आयात यंत्र असेल तर आणखी एक गाठ असते. १९९१ च्या जुलैत दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा आदल्या वर्षीच्या रुपयांत विमा उतरवलेली सगळी परदेशी यंत्रे दोन-तीन दिवसांत अपुऱ्या विम्याची ठरली. यंत्राला काहीच झाले नव्हते. म्हणून ही रक्कम दरवर्षी तपासायची असते.

यावर शेडमधला माणूस मला दोन प्रश्न विचारतो, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा: “साहेब, इतके हप्ते भरायचे, आणि क्लेमच्या वेळी ते ‘झीज’ म्हणून नाकारणार. मग घ्यायचा कशाला?” नाकारतात, हे खरे आहे. झीज कुठे संपते आणि अचानक कुठे सुरू होते, ही रेघ सर्व्हेअर ओढतो आणि ती नेहमीच सरळ नसते. पण ती रेघ आपल्या बाजूला ओढून घ्यायचे साधन मालकाच्याच हातात आहे. तेल कधी बदलले, बेअरिंग कधी तपासले, अर्थिंग कधी मोजले, याची तारीखवार वही असेल, तर ‘तुम्ही देखभाल केली नाही’ हे म्हणणे अवघड होते. ही वही आपल्याकडे शंभरातल्या किती शेडमध्ये असेल, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. वाद झालाच तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याचे एक कार्यालय पुण्यातच आहे. एकल मालकीचे धंदे आणि सूक्ष्म उद्योगही तिथे तक्रार करू शकतात, हे अनेकांना माहीत नसते.

दुसरा प्रश्न: “सगळ्या मशीनचा विमा कुठून परवडणार?” परवडणार नाही, आणि सगळ्यांचा घेऊही नये. ज्या साध्या लेथची मोटर रिवाइंडिंगवाला दोन दिवसांत भरून देतो, त्याचा धोका खिशातून सोसावा. जो बिघाड आपण सोसू शकतो त्याचा विमा घेणे म्हणजे आपलेच पैसे दुसऱ्याकडे ठेवायला देऊन वर मजुरी देणे. पण ज्या एका यंत्राचा ड्राइव्ह किंवा स्पिंडल गेला तर प्लॉट विकावा लागेल, त्याचा मात्र घ्यावा, आणि पूर्ण रकमेचा घ्यावा. २००७ च्या जानेवारीपासून या विम्याचे दर खुले झाले आहेत. आता चार ठिकाणी विचारता येते, घासाघीस करता येते. यंत्र थांबल्यामुळे बुडणाऱ्या नफ्याचाही वेगळा विमा असतो. तो घ्यायला आधी बिघाडाचा विमा असावा लागतो आणि जमाखर्च चोख असावा लागतो. छोट्या शेडला तो जड जातो, हे मी मान्य करतो.

माझी खरी तक्रार मालकाबद्दल नाही. ती माझ्याच जुन्या खुर्चीबद्दल आहे. २०२१ च्या एप्रिलपासून छोट्या उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ अशा प्रमाणित पॉलिसी आल्या. चांगल्या आहेत. भाषा सोपी आहे, आणि विमा रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी भरपाई कापली जात नाही. पण या आगीच्याच पॉलिसीच्या वारस आहेत. शॉर्टसर्किटने जळालेले तेच यंत्र त्यांतही वगळलेले आहे. नावात ‘सुरक्षा’ आहे म्हणून खातेदार निर्धास्त होतो, आणि काउंटरवरचा अधिकारी, मी म्हणालो होतो तेच, ‘काळजी करू नका’ म्हणतो.

मला वाटते, बँकांनी एक काम करावे. यंत्रासाठी कर्ज देताना मराठीत एक पान द्यावे. डाव्या बाजूला या विम्यात काय येते, उजव्या बाजूला काय येत नाही. खाली खातेदाराने लिहायचे: ‘यंत्रबिघाडाचा विमा मला समजावून सांगितला. मी घेतो’ किंवा ‘घेत नाही’. सक्ती नको. सक्तीचा विमा कुणी वाचत नाही, हा माझा अनुभव आहे. पण नकार तरी माणसाने जाणून द्यावा. यात बँकेचा स्वार्थही आहेच. २००४ च्या मार्चपासून नव्वद दिवस हप्ता थकला की कर्ज बुडीताच्या वाटेवर धरले जाते. एक ड्राइव्ह पाच आठवडे आला नाही, एक जॉब गेला, की चांगले खाते त्या रेघेपाशी येते. आणि उद्योजकांच्या संघटनांनी शंभर-दोनशे शेडचा मिळून एक करार करावा. त्यात भरपाईच्या आधी वर्षातून एकदा यंत्र तपासणारा माणूस मागावा. हार्टफर्डच्या मंडळींना जे दीडशे वर्षांपूर्वी सुचले, ते भोसरीला आज जमायला हरकत नसावी.

गेल्या खंडेनवमीला कुरुळीला गेलो होतो. तीनही व्हीएमसींना हार होते. कोपऱ्यात भाऊंचा तो पहिला जुना लेथ, त्यालाही होता. भाऊ आता थकले आहेत, खुर्चीत बसून होते. मुलाने विम्याची रक्कम दुरुस्त करून आणलेला कागद मला दाखवला. मी चश्मा काढायला खिशात हात घातला, तेवढ्यात भाऊ म्हणाले, “साहेब, पहिलं पान राहू द्या. मागचं वाचा. आणि मोठ्यानं वाचा, पोरांनाही ऐकू द्या.”

ऑपरेटर पोरे हातातले पेढे घेऊन जवळ आली. मी मागचे पान उलटले आणि वाचायला सुरुवात केली.